क्लबच्या ग्लायडरमध्ये नवी उपकरणं आणि सुरक्षेची साधनं: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर या पट्ट्यात अनेकांचं पोट वायरिंगवर, उपकरणांवर नाहीतर सॉफ्टवेअरवर चालतं. त्यामुळे इथून ग्लायडिंगकडे, म्हणजे इंजिन नसलेलं विमान उडवण्याकडे, वळलेला माणूस कॉकपिटमध्ये बसला की त्याची नजर आधी पॅनलवर जाते, आणि "इथे एक चांगला स्क्रीन बसवला तर?" हा प्रश्न लगेच येतो. प्रश्न चांगला आहे, पण यादीत तो बराच खाली यायला हवा. आधी वैमानिकाचा जीव वाचवणाऱ्या वस्तू, मग त्याची नजर कॉकपिटबाहेर ठेवायला मदत करणाऱ्या, आणि उरलेल्या पैशांत बाकी सगळं. खालची उत्तरं याच क्रमाला धरून आहेत.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ग्लायडर उडवता येतं का?

नाही. डोक्यावरचं आकाश मुंबई विमानतळाच्या वाहतुकीचं आहे. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. शिवाय खाडीवरून आणि समुद्रावरून येणारी दमट, गार हवा इथे थर्मल, म्हणजे ग्लायडरला वर नेणारे तापलेल्या हवेचे झोत, नीट उभे राहू देत नाही. ग्लायडिंगला लागणारी कोरडी, तापलेली जमीन घाट चढून गेल्यावर मिळते.

जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यातलं हडपसर. तिथलं ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं आहे. कळंबोलीहून एक्सप्रेसवे धरण्याआधी त्या दिवशी उड्डाणं आहेत का, हे फोन करून विचारावं. तिथली ग्लायडर सरकारी मालमत्ता आहेत, त्यांना हात लावायचा हक्क आपल्याला नाही. पण उद्या आपला क्लब उभा राहिला, चार जणांनी मिळून ग्लायडर घेतलं किंवा परदेशातल्या क्लबात उडायला गेलात, तर हे सगळं उपयोगी पडेल.

पैसे मोजके आहेत. सुरुवात कुठून करायची?

बसायच्या जागेपासून. मी लावतो तो क्रम असा: हार्नेस (सीटवर बांधून घ्यायचे पट्टे) आणि उशी, पॅराशूट, पिटो-स्टॅटिकच्या नळ्या (वेग आणि उंची मोजायला हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या), चालू स्थितीतला रेडिओ, आवाजी व्हेरिओ (ग्लायडर किती वेगाने वर किंवा खाली जातंय ते सांगणारं उपकरण), फ्लार्म (टक्कर टाळण्यासाठी इशारा देणारं यंत्र). त्यानंतर फ्लाइट कॉम्प्युटर. पहिल्या तीन गोष्टींचा फोटो काढून कुणाला दाखवावासा वाटत नाही, म्हणून त्या मागे पडतात. सभेत स्क्रीनसाठी हात वर होतात आणि हार्नेसची मुदत संपल्याचं कुणी बोलत नाही. समितीत असाल तर हा विषय तुम्हीच काढा.

आणखी एक आग्रह. क्लबकडे तीन ग्लायडर असतील तर तिन्हींचं पॅनल शक्यतो एकसारखं ठेवा: एअरस्पीड त्याच जागी, व्हेरिओ त्याच जागी, रेडिओचं बटण त्याच बाजूला. ग्लायडरला केबलने ओढून हवेत चढवणाऱ्या विंचवर केबल तुटते तेव्हा शिकाऊ वैमानिकाला काही सेकंदांत नाक खाली घालून वेग बघायचा असतो. त्या क्षणी त्याला एअरस्पीड शोधावा लागता कामा नये.

उशीत एवढं काय आहे? घरातली फोमची उशी चालणार नाही का?

अजिबात चालणार नाही. या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ग्लायडिंगमध्ये कायमच्या दुखापती होतात त्यांत मणक्याच्या बऱ्याच असतात आणि त्यांतल्या कित्येक साध्या जोरदार उतरण्यातून होतात.

मऊ फोम आदळण्याच्या क्षणी आधी सहज दबतो. तेवढ्या वेळात ग्लायडरची सीट थांबलेली असते, पण तुमचं शरीर खाली येतच असतं. फोम पूर्ण दबला की शरीर सीटवर आपटतं आणि धक्का थेट मणक्यात जातो. वर तोच फोम स्प्रिंगसारखा उसळून शरीराला वर फेकतो. म्हणजे उशी नसती तर बसला असता त्याहून मोठा धक्का बसू शकतो. याउलट ऊर्जा शोषणारा फोम सावकाश दबतो आणि त्याहून सावकाश मूळ आकारात येतो. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशन कितीतरी वर्षं अशाच फोमचा आग्रह धरत आली आहे.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. हा फोम तापमानाप्रमाणे वागणूक बदलतो: थंडीत कडक होतो, उन्हात मऊ पडतो. एप्रिलमध्ये बंद कॅनोपीखाली (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखाली) तापलेल्या सीटवर युरोपात योग्य ठरलेला प्रकार फार मऊ पडू शकतो. मागवताना कडक प्रतीचा मागवा आणि भर दुपारी अंगठ्याने दाबून पाहा.

पाठीमागच्या उशीचाही धोका आहे. बारीक अंगाच्या मुलामुलींना पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून पाठीशी जाड मऊ उशी देतात. विंचवर ग्लायडर झपाट्याने पुढे ओढलं जातं, उशी दबते, मूल मागे सरकतं आणि स्टिक किंवा पेडल हातापायातून निसटू शकतं. पाठीमागे न दबणारंच काही हवं.

हार्नेस आणि पॅराशूट किती वर्षं वापरायचे?

उत्पादकाने लिहिलेल्या मुदतीपर्यंत, त्यापुढे एक दिवसही नाही. हार्नेसच्या पट्ट्यांची मुदत बहुतेकदा बारा वर्षांच्या आसपास असते. ऊन नायलॉन आणि पॉलिस्टरला आतून खातं. पट्टा वरून छान दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. चार बिंदूंचा हार्नेस असेल तर कमरेचा पट्टा खाली, ओटीपोटाच्या हाडावर बसतो का ते पाहा. पोटावर चढला तर अपघातात शरीर खाली घसरतं. मॅन्युअलमध्ये पाचव्या पट्ट्याची सोय दिली असेल तर ती करून घ्या.

पॅराशूट ठरावीक काळाने उघडून, वाळवून, पुन्हा घडी घालून घ्यावा लागतो. हा काळ देशाच्या नियमावर आणि उत्पादकावर अवलंबून आहे, आणि घडी घालणारा माणूस त्यासाठी प्रशिक्षित असावा लागतो. इथल्या वाचकांना एक विनंती: पॅराशूट जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्याच्या घरी कपाटात ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, मग घडी घातलेल्या कापडाचं काय होईल याचा विचार करा.

पॅराशूट अंगावर असून भागत नाही, बाहेर पडता आलं पाहिजे. कॅनोपी उडवा, पट्टे सोडा, बाहेर पडा, हा क्रम जमिनीवर, डोळे मिटून, हंगामात निदान एकदा करून बघा. तुमच्या ग्लायडरची कॅनोपी पुढून उघडणारी असेल तर मागच्या टोकाला रॉगर हुक आहे का ते पाहा. हा छोटा हुक कॅनोपीची मागची बाजू क्षणभर धरून ठेवतो, त्यामुळे पुढची बाजू आधी उचलली जाते आणि वारा सगळी कॅनोपी वर, मागे फेकतो. नाहीतर तीच कॅनोपी डोक्यावर आदळण्याची भीती असते.

व्हेरिओ जुना आहे, सुई आळशी आहे. नवा घ्यावा का?

आधी नळ्या बघा. व्हेरिओच्या बहुतेक तक्रारींचं मूळ कडक झालेल्या, चिरलेल्या किंवा सैल बसलेल्या नळीत सापडतं. जुन्या यांत्रिक व्हेरिओला जोडलेला थर्मासचा फ्लास्कही तपासा. त्याच्या बुचाशी सूक्ष्म गळती असली तरी सुई खोटं बोलते. नळ्या बदलण्याचा खर्च नव्या उपकरणाच्या मानाने नगण्य आहे.

दुसरी गोष्ट टोटल एनर्जीची. स्टिक मागे ओढली की ग्लायडर वेग खर्चून वर जातं, आणि साधा व्हेरिओ त्यालाच थर्मल समजतो. शेपटीजवळची टीई नळी हा खोटा चढ वजा करते. ती वाकली, तिच्यात पाणी शिरलं किंवा जोडाशी गळली, तर महागातला इलेक्ट्रॉनिक व्हेरिओसुद्धा तीच चूक करेल, फक्त जास्त सुंदर आकड्यांत.

इतकं करूनही नवा घ्यायचाच असेल तर आवाज देणारा घ्या. चढत्या हवेत स्वर उंचावतो, उतरत्या हवेत पडतो. कानाने थर्मल घेता आला की डोळे मोकळे होतात. एकाच थर्मलमध्ये दोन ग्लायडर आणि चार घारी फिरत असताना ते डोळे बाहेरच हवेत. आवाजी व्हेरिओ माझ्या लेखी सुरक्षेचंच साधन आहे.

विकत घेण्याआधी पॅनलमधलं भोक मोजा. बहुतेक उपकरणं ५७ किंवा ८० मिलिमीटर या दोन मापांत येतात.

फ्लार्म म्हणजे नेमकं काय, आणि ते कशापासून वाचवत नाही?

ग्लायडर पांढरं, पातळ आणि समोरून जवळजवळ अदृश्य असतं. टक्कर होणारं दुसरं ग्लायडर तुमच्या कॅनोपीत एकाच जागी स्थिर दिसतं आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं. माणसाचा डोळा हालचाल टिपतो, स्थिर ठिपका त्याच्या नजरेतून सुटतो. या अडचणीवर २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्लायडर वैमानिकांनी फ्लार्म काढलं. ते जीपीएस आणि हवेच्या दाबावरून स्वतःची जागा ठरवतं, पुढच्या काही सेकंदांतला आपला मार्ग रेडिओवरून सांगत राहतं आणि इतरांचे मार्ग ऐकतं. दोन मार्ग छेदत असतील तरच बोंबलतं. ग्लायडर गोल फिरतात हे त्याच्या गणितात धरलेलं आहे, म्हणून एका थर्मलमध्ये पाच जण असले तरी ते सतत ओरडत बसत नाही.

आता मर्यादा. मूळ फ्लार्मला फक्त दुसरं फ्लार्म दिसतं. पॉवरफ्लार्म ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) आणि एडीएस-बी (आपली जागा स्वतःहून रेडिओवर सांगणारी यंत्रणा) असलेली विमानंही पकडतं. घारी, गिधाडं, पतंग आणि ज्यांच्याकडे काहीच नाही असे पॅराग्लायडर कुणालाच दिसत नाहीत. कामशेतच्या बाजूने पॅराग्लायडर उडतात हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून क्लबात फ्लार्म घ्यायचं तर सगळ्या ग्लायडरना एकदम घ्या. एकाच ग्लायडरमध्ये बसवलेलं फ्लार्म एकट्याने फोन विकत घेण्यासारखं आहे. दोन सीटच्या ग्लायडरमध्ये मागच्या सीटला वेगळा डिस्प्ले हवाच, कारण प्रशिक्षक तिथे बसतो.

अँटेना उभी आणि मोकळ्यावर असावी. कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतं, काचतंतूचं फ्यूजलाज (ग्लायडरचं धड) अडवत नाही. धातूचं पॅनल आणि वैमानिकाचं शरीरही सावली पाडतात. बसवल्यावर दोन-चार उड्डाणांच्या आयजीसी फाइल्स (उड्डाणाच्या मार्गाची नोंद) फ्लार्मच्या रेंज तपासणीत घाला. कोणत्या दिशेला तुम्ही आंधळे आहात ते लगेच कळतं. फर्मवेअर वर्षातून एकदा तरी अद्ययावत करावं लागतं. तारीख उलटली की उपकरण काम थांबवतं, म्हणून हे काम एका सदस्याच्या नावावर लिहून ठेवा.

हे भारतात कायदेशीर आहे का?

रेडिओलहरी सोडणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल हा प्रश्न आधी विचारा. आपल्याकडे वायरलेस परवान्यांचं काम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा पाहते. युरोपात फ्लार्म ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं, अमेरिकेत वेगळ्या पट्ट्यात. तिकडून भाच्याने बॅगेत घालून आणलेलं यंत्र इथल्या मोकळ्या पट्ट्यात बसतंच असं नाही. परवानगी लेखी घ्या.

उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रॅकर यंत्रं याबाबतीत तर फारच जपा. थुराया, इरिडियमवर चालणारी यंत्रं परवानगीशिवाय भारतात बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावर परदेशी पर्यटकांनाही यासाठी अटक झालेली आहे. युरोपातल्या वैमानिकांची शिफारस वाचून असं यंत्र मागवू नका.

माणसालाही परवाना लागतो. रेडिओ वापरण्यासाठीची आरटीआर परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने हे काम डीजीसीएकडे आणलं.

अपघात झाला तर शोध कसा लागेल?

४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनने, म्हणजे संकटात संदेश सोडणाऱ्या छोट्या यंत्राने. तो शोध-बचावासाठीच्या कोस्पास-सारसॅट उपग्रहांना संदेश देतो, आणि भारतातलं त्याचं नियंत्रण केंद्र बेंगळुरूला इस्रोकडे आहे. बीकनची तिथे नोंदणी करावी लागते. परदेशातून आणलेल्या बीकनमध्ये त्या देशाचा संकेत भरलेला असतो, तो बदलून भारताचा, म्हणजे ४१९, घालून घ्यावा लागतो. नाहीतर कर्जतच्या डोंगरातला संदेश तिसऱ्याच देशाच्या वहीत जाईल.

जुने फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारे बीकन कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. उपग्रहांनी ती लहर ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे. ग्लायडरमध्ये पक्का बसवलेला बीकन, म्हणजे ईएलटी, धक्क्याने आपोआप सुरू होतो. खिशातला बीकन, म्हणजे पीएलबी, हाताने सुरू करावा लागतो, पण पॅराशूटने उतरलात तर तोच तुमच्यासोबत असतो. पीएलबी पॅराशूटच्या पट्ट्याला बांधा, ग्लायडरच्या बाजूच्या खिशात ठेवू नका.

ट्रान्सपाँडर हवाच का?

हद्दीवर अवलंबून. हडपसरच्या शेजारी लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे. अशा नियंत्रित हवाई हद्दीजवळ मोड-एस ट्रान्सपाँडर असेल तर नियंत्रकाला तुम्ही दिसता, आणि मोठ्या विमानातल्या टक्करविरोधी यंत्रणेलाही. जिथे हद्द मोकळी आणि ग्लायडर जास्त, तिथे त्याच पैशांत आधी फ्लार्म.

बॅटरी कोणती?

बहुतेक क्लब १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी वापरत आले. वजन साधारण अडीच किलो. रेडिओ, व्हेरिओ आणि फ्लार्म मिळून अर्धा अँपिअर घेतात असं धरलं तर कागदावर १४ तास मिळतात, पण जुन्या बॅटरीकडून त्याच्या निम्म्याची अपेक्षा ठेवा. आपल्याकडची उष्णता तिचं आयुष्य झपाट्याने कमी करते: तापमान सुमारे दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, हा जुना ठोकताळा आहे.

लिथियम आयर्न फॉस्फेट निम्म्याहून हलकी आणि जास्त टिकाऊ आहे. तिला तिचाच चार्जर लागतो. आणखी एक सवय बदलावी लागते: तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून असतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून "अजून आहे" म्हणता येत नाही. वापरलेले तास वहीत लिहा.

फ्यूज बॅटरीच्या टोकालाच, जितका जवळ तितका बरा. पॅनलवर लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही. तो वायरच्या जाडीनुसार निवडा.

चार किलोची उपकरणं घातली तर काय बिघडतं?

कुठे घातली त्यावर आहे. समजा शेपटीच्या उभ्या पंखात ३ किलोची बॅटरी ठेवली आणि ती जागा संदर्भरेषेच्या ४ मीटर मागे आहे. वजन गुणिले अंतर, हा झाला १२ किलोग्रॅम-मीटरचा घूर्ण. वैमानिक त्या रेषेच्या १.२ मीटर पुढे बसत असेल तर तोल साधायला सीटमध्ये १० किलो जास्त लागतील. म्हणजे काल ७० किलोचा माणूस चालत होता, आज ८० किलोचा लागेल. कॉकपिटमधली वैमानिकाच्या किमान वजनाची पाटी जुनीच राहिली तर हलका वैमानिक मागे गेलेल्या गुरुत्वमध्यासह उडेल, आणि असं ग्लायडर स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली पडण्यातून, बाहेर यायला नाखूष असतं. बदलानंतर वजन करा, नवी पाटी लावा. होकायंत्रही पुन्हा जुळवा. स्पीकरचं चुंबक त्याला भुलवतं.

हे सगळं आपण स्वतः बसवू शकतो का?

हात तुमचे असू शकतात, सही परवानाधारक देखभाल अभियंत्याची लागते. प्रमाणित ग्लायडरमधला बदल मान्य आराखड्यानुसार, नोंदीसह व्हायला हवा. युरोपात फ्लार्म किंवा रेडिओसारख्या ठरावीक बदलांसाठी सीएस-स्टॅन नावाची सोपी पद्धत आहे. तिथली कागदपत्रं इथे आधार म्हणून दाखवता येतात, पण इथली मान्यता वेगळी घ्यावी लागते. पॅनलला भोक पाडण्याआधी अभियंत्याला बोलवा.

पावसाळ्यात काय जपायचं?

पिटो आणि स्टॅटिकची भोकं. कुंभारीण माशी आठवड्याभरात तिथे मातीचं घर बांधते आणि पहिल्याच उड्डाणात एअरस्पीडची सुई शून्यावर राहते. लाल रिबिनीचं आवरण घाला. नळीत तोंडाने कधीच फुंकू नका, उपकरण फुटतं. बॅटऱ्या काढून चार्ज करून ठेवा. पॅनलमागे सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला.

फोनवरचं अॅप पुरेसं नाही का?

एक्ससीसोअर मोफत आहे आणि उत्तम आहे. पण मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, तेव्हा त्यावर अंतिम ग्लाइडचं, म्हणजे उरलेल्या उंचीत धावपट्टीपर्यंत पोचू का याचं, गणित सोपवू नका. त्याचा खरा फायदा घरी आहे: सिम्युलेटर मोडमध्ये, किंवा कॉन्डॉर या ग्लायडिंगच्या सिम्युलेटरला जोडून, पानं आणि बटणं इतकी सवयीची करा की हवेत खाली बघावंच लागू नये.

आम्ही ठाण्यातून काय मदत करू शकतो?

बरीच. वागळे इस्टेट आणि टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यांत पॅनलचा पत्रा अचूक कापून मिळतो, क्रिम्पिंग नीट करणारी माणसं तिथे आहेत. वायरिंगचा नकाशा काढून देणं, प्रत्येक वायरला नंबर लावणं, बॅटऱ्यांची क्षमता दर सहा महिन्यांनी मोजणं, हार्नेस-पॅराशूट-बीकनच्या मुदतींचा एक तक्ता ठेवणं, ही कामं घरबसल्या होतात आणि प्रत्येक क्लबात तीच मागे पडलेली असतात. तक्त्यापासून सुरुवात करा. त्यात वस्तू, अनुक्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि जबाबदार सदस्याचं नाव, एवढे चार रकाने पुरतात.